कण्हसेलाच्या भिक्षुणी

या स्मरणिकेत आपल्या विहाराच्या बांधकामाची हकिकत, दानदात्यांची यादी आणि जमाखर्च स्वतंत्र पानांवर दिला आहे. माझ्या वाट्याला आले आहे ते त्याच्या फार आधीचे प्रकरण. ज्या संघाला आपण रोजच्या वंदनेत शरण जातो, तो संघ ही एक संस्था आहे. आपल्या या मुलखात, खाडीच्या अलीकडे आणि पलीकडे, ती संस्था सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पाय रोवून उभी होती. तिच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण सातवाहन राजे आणि कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी यांच्यापाशी थांबतात. राजांनी गावे दिली, श्रेष्ठींनी चैत्यगृहे उभारली, हे खरेच आहे. पण कान्हेरीच्या डोंगरात काही लेणी भिक्षुणींनी खोदवून घेतली, पाण्याच्या पोढी, म्हणजे दगडात खोदलेल्या टाक्या, दिल्या, कायमचे निधी ठेवले आणि त्या दानावर स्वतःचे नाव कोरून घेतले. हा इतिहास त्यांच्या बाजूने लिहिलेला आहे.

कान्हेरी आपल्याला परकी नाही. बुद्धपौर्णिमेला भिवंडीतल्या आपल्या नारपोलीहून गाड्या भरून माणसे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जातात. शिलालेखांत त्या डोंगराचे नाव कण्हसेल किंवा कण्हगिरी असे येते. पुढच्या काळात ‘कृष्णगिरी महाविहार’ असा उल्लेख आढळतो. शंभराहून अधिक लेणी, त्यांना जोडणाऱ्या दगडी पायऱ्या आणि जवळपास प्रत्येक लेण्याशेजारी एक टाकी, असा हा पसारा आहे. एका वेळी, एका हाताने तो झालेला नाही. कोणी एक खोली दिली, कोणी ओसरी, कोणी बाक, कोणी पायवाट. अशा शेकडो लहान दानांतून हजार वर्षे ही संस्था वाढत राहिली. त्या काळी कल्याण हे मोठे बंदर होते. ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्येही त्याचे नाव आहे. कल्याणहून नाणेघाटाने माल जुन्नर-पैठणकडे चढत असे आणि तिकडचा माल उतरून जहाजांत भरला जाई. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचा सोनार भेटतो, कल्याणचे व्यापारी भेटतात. सोपारा, चेमुल म्हणजे चौल आणि नाशिक इथले दातेही भेटतात.

त्यांच्याच रांगेत कल्याणची भिक्षुणी दामिला आहे. तिने कण्हसेलावर एक लेणे आणि पाण्याची पोढी दिली. लेख लहान आहे. ती कल्याणची, ती भिक्षुणी, दान हे असे, एवढेच त्यात आहे. कोणाची बायको, कोणाची सून, याचा पत्ता नाही. तिचे गाव हीच तिची ओळख. कोन गाव ओलांडून दुर्गाडीच्या पुलावरून आपण ज्या कल्याणात रोज जा-ये करतो, त्याच कल्याणची ती. आपल्या भागातल्या संस्थेचा इतिहास कोणापासून सुरू करायचा असे कोणी विचारले, तर मी दामिलाचे नाव सांगेन.

दुसरी सापा. तिच्या लेखात अधिक माहिती आहे. ती धेनुकाकट गावच्या धमणक नावाच्या उपासकाची मुलगी. तिने प्रव्रज्या घेतली होती आणि ती थेर बोधिक यांची शिष्या होती. तिने लेणे आणि पोढी दिली ती भद्रायनीय या संप्रदायाच्या आचार्यांसाठी, आणि त्या दानात तिची बहीण रतिनिका व इतर नातलग सहभागी झाले. तिसरी पोणकिअसणा. तीही प्रव्रजिता, थेर घोष यांची अंतेवासिनी. तिनेही बहिणीला सोबत घेऊन लेणे आणि पोढी दिली. वर वर्षावासात तिथे राहणाऱ्या भिक्षूंना चीवर मिळत राहावे म्हणून अक्षयनीवी ठेवली. अक्षयनीवी म्हणजे मुद्दलाला हात न लावता केवळ व्याजावर चालणारी ठेव. तिचे लेणे चारही दिशांच्या संघाला दिलेले आहे. कुठूनही आलेल्या भिक्षूला तिथे उतरण्याचा हक्क आहे. त्यावर खासगी मालकी कोणाची नाही.

या तिघींच्या दानात लेण्याबरोबर पोढी आली आहे, ती उगाच नाही. कान्हेरीला पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो आणि दिवाळीनंतर थेंब पडत नाही. वर्षभर तिथे माणसे राहायची तर चार महिन्यांचे पाणी आठ महिने पुरवावे लागणार. पाथरवटांनी डोंगराच्या पाठीवर बोटभर रुंदीच्या चऱ्या कोरल्या, त्या उतारावरून एकमेकींत मिळवत लेण्याच्या दर्शनी भागापर्यंत आणल्या आणि ओसरीच्या बाजूला, दगडाच्याच पोटात, तोंड अरुंद आणि आत ऐसपैस अशी टाकी खोदली. टाकीच्या तोंडावर बहुधा एक कोनाडा असतो, म्हणजे ऊन आणि पालापाचोळा सरळ आत पडत नाही. तिथे वाकून पाहिले की मे महिन्यातसुद्धा काही टाक्यांत पाणी दिसते. काही दानलेख या कोनाड्यांच्या भिंतीवरच आहेत. पाणी भरायला येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दात्याचे नाव येई. अशी पोढी खोदायला लेण्याइतकेच कसब लागते. पातळी चुकली तर पाणी टाकीत न येता ओसरीत शिरते. म्हणून मी या भिक्षुणींना नुसत्या दानशूर म्हणत नाही. आपण काय बांधून घेतो आहोत आणि ते कोणाच्या कशा उपयोगी पडणार, हे त्यांनी नीट पाहिले होते.

बांधकामाची व्यवस्था कशी असे, याचा उत्तम दाखला कान्हेरीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, यज्ञश्री सातकर्णीच्या काळाच्या आसपास, गजसेन आणि गजमित या व्यापारी भावांनी ते करवून घेतले. त्याच्या लेखात नुसते दात्यांचे नाव देऊन भागवलेले नाही. ‘नवकमिक’ म्हणजे कामावर देखरेख करणारे भिक्षू त्यात नावानिशी आहेत. दगड फोडणारे आणि घडवणारे ‘सेलवढकी’ आणि शेवटी दगड घासून गुळगुळीत करणारे कारागीर यांचीही नोंद आहे. पैसे एकाचे, देखरेख दुसऱ्याची आणि हात तिसऱ्याचे, असा तो व्यवहार होता. त्या नवकमिकांत बोधिक हे नावही येते. सापाच्या गुरूचे नावही बोधिक. दोघे एकच असतील असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण सापासारख्या शिष्येला पाथरवट कुठून आणायचा, खडक कुठला धरायचा, हे सांगणारे माणूस संघातच होते, एवढे मात्र नक्की.

कान्हेरी सोडून थोडे बाहेर पाहू. कार्ल्याच्या चैत्यगृहात एक दगडी वेदिका, म्हणजे कठड्याचे शिल्प, भिक्षुणी कोडी हिचे दान आहे. लेखात ती स्वतःला घुणिकाची आई म्हणवते आणि हे काम नंदिकाने केले असेही सांगते. संघात येण्याआधी तिचा संसार झाला होता, मूल होते. चीवर धारण केल्यावरही ‘घुणिकाची आई’ ही ओळख तिने पुसली नाही. कारागिराचे नाव दगडावर येऊ देण्याइतका मोठेपणाही तिच्यात होता.

आणखी दक्षिणेला, रायगड जिल्ह्यात, मांदाडच्या खाडीजवळच्या कुडे लेण्यांत जो लेख आहे तो मला या साऱ्यांत सर्वांत मोलाचा वाटतो. तिथे पदुमणिका नावाच्या प्रव्रजितेने लेणे दिले. ती प्रव्रजिता नागणिकेची मुलगी. नाणेघाटातली सातवाहन राणी नागणिका ही नव्हे, ही वेगळी. पदुमणिका भदंत पातिमित आणि भदंत आगिमित या दोन थेरांची भाची. दानात तिच्यासोबत बोधी आणि असाळ्हमिता या तिच्या शिष्या आहेत. एकदा ही नावे ओळीने लावून पाहा. आई भिक्षुणी, मुलगी भिक्षुणी, दोन मामा थेर, आणि मुलीच्या हाताखाली दोन शिष्या. वडिलांचा उल्लेख नाही. वंश आईकडून सांगितला आहे आणि पुढची परंपरा शिष्यांकडून. बाईने बाईला शिकवले आणि त्या तिघींनी मिळून डोंगरात खोली कोरवून घेतली, याचा इतका स्पष्ट पुरावा आपल्या मुलखात दुसरा मला माहीत नाही.

आता या इतिहासातला अवघड प्रश्न. विनयाच्या नियमांत भिक्षुणीचे स्थान भिक्षूच्या खाली आहे. उपसंपदा होऊन शंभर वर्षे झालेल्या भिक्षुणीनेही त्याच दिवशी उपसंपदा घेतलेल्या भिक्षूला उठून नमस्कार करावा, हा पहिला गरुधम्म आपण सगळ्या जणींनी ऐकला आहे. पाली पातिमोक्खात भिक्षूंसाठी २२७ नियम, भिक्षुणींसाठी ३११. विनयातच भिक्षुणींनी अरण्यात राहू नये असाही दंडक आहे. एकट्यादुकट्या बायकांवर रानात अत्याचार झाले म्हणून तो घातला गेला. मग दामिलाने कान्हेरीच्या निबिड जंगलात जे लेणे कोरवून घेतले, त्यात राहिले कोण?

माझे उत्तर असे आहे. त्या लेण्यांत बहुतेक भिक्षूच राहिले असावेत. भिक्षुणी राहत होत्या त्या गावात. जुन्नरच्या एका लेखात याला भक्कम आधार मिळतो. गिरिभूती नावाच्या दात्याने तिथे लेणे आणि टाकी दिली, आणि त्याच लेखात नगरातल्या भिक्षुणी-उपाश्रयासाठी, म्हणजे धम्मोत्तरीय संप्रदायाच्या भिक्षुणींच्या निवासासाठी, केलेल्या तरतुदीचा उल्लेख आहे. डोंगरात भिक्षू, गावात भिक्षुणी, अशी ही मांडणी. कल्याणातही विहार होता. कान्हेरीच्या एका लेखात कल्याणच्या अंबालिका विहाराचे नाव येते. दामिला डोंगरात राहिली नसेल, तर ती कल्याणातल्याच एखाद्या उपाश्रयात राहिली असणार.

पण गावातले उपाश्रय लाकडाचे, विटांचे, मातीचे. ते कोसळले, त्यांच्यावर घरे झाली, घरांवर वाडे, वाड्यांवर इमारती. आजच्या कल्याणात त्यांचा मागमूस नाही. म्हणजे भिक्षुणी स्वतः जिथे राहिल्या, जिथे त्यांनी धम्म शिकवला, आजारपणे काढली, जिथे त्या वारल्या, ते सारे नाहीसे झाले. उरले ते केवळ त्यांनी दुसऱ्यांसाठी दगडात करवून दिलेले. म्हणूनच इतिहासात त्या इतक्या विरळ दिसतात. कान्हेरीत भिक्षूंच्या लेण्यांची मोजणी करून ‘इथे भिक्षुणी नव्हत्या’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे दानपेटी पाहून घर ओळखण्यासारखे आहे. त्यांची घरे पाहायची असतील तर कल्याणची माती खणावी लागेल.

मग पैसा कुठून आला, हाही प्रश्न लोक विचारतात. घर सोडलेल्या, भिक्षापात्र घेतलेल्या बाईजवळ लेणे खोदायला पैसा कसा? लेखांतूनच उत्तर मिळते. सापाला बहीण आणि नातलग होते, पोणकिअसणेला बहीण. माहेरचे आणि शिष्यपरिवाराचे पैसे तिच्या हाताने दानात जात असत. शिवाय चीवर घेतले म्हणजे सगळे व्यवहार सुटले, असे प्रत्यक्षात नव्हते. पोणकिअसणेने ठेव ठेवली. ठेव ठेवायची म्हणजे रक्कम मोजायची, व्याज ठरवायचे, विश्वासाचा ऋणको शोधायचा. या बायका हिशेबी होत्या, आणि हे मी कौतुकाने म्हणते.

हिशेब कसा चाले, ते नाशिकच्या एका लेखात पैन् पै सापडते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने त्रिरश्मी डोंगरावरच्या, म्हणजे आजच्या पांडवलेण्यांच्या, विहारासाठी ३००० कार्षापण ठेवले. ते ठेवले गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. त्यांपैकी २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने, आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीचे महिन्याचे व्याज २० कार्षापण, वर्षाचे २४०. त्यातून वर्षावासाला राहिलेल्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. गुणाकार करून पाहा, २० गुणिले १२ बरोबर २४०. एक कार्षापण इकडेतिकडे नाही. दुसऱ्या ठेवीचे व्याज वर्षाला ९० कार्षापण होते, ते किरकोळ खर्चाला.

नारपोलीच्या माणसाने हा लेख वाचताना जरा थांबावे. विहाराचा पैसा विणकरांच्या श्रेणीकडे होता. त्या पैशावर त्यांनी सूत घेतले, माग चालवले, कापड विकले, व्याज वेळच्या वेळी दिले, आणि त्या व्याजातून भिक्षूंच्या अंगावर चीवर आले. आपल्याकडे ज्यांच्या घरात साच्यांचा खडखडाट चालतो, ज्यांची पोरे ताग्यांचे गठ्ठे उचलून गोदामात नेतात, त्यांच्यासारख्याच माणसांच्या शब्दावर संघाने आपली ठेव सोपवली होती. तोच डोंगर पुढे आणखी एका बाईचा निधी सांगतो. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी ठेव ठेवली. ती कुंभारांच्या, तेल्यांच्या आणि पाण्याची यंत्रे चालवणाऱ्यांच्या श्रेणींकडे. राजवाड्यात किंवा सावकाराकडे तिने ती ठेवली नाही. कारागीर मोडत नाही, त्याचे काम रोज चालते, म्हणून त्याच्याकडची ठेव ‘अक्षय’ राहील, असा हिशेब त्यामागे होता.

उपासिकांचा विषय निघालाच आहे तर दोन नावे सांगून पुढे जाते. नाशिकचे चैत्यगृह पूर्णत्वाला नेले ते भट्टपालिकेने. ती राजाच्या अमात्याची मुलगी आणि भांडागारिकाची पत्नी. त्याच डोंगरावरचे देखणे तिसरे लेणे गौतमी बलश्रीचे, गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचे. कुड्याला एका लेखकाच्या कुटुंबाने लेणे दिले तेव्हा मुलींच्या नावे खांब लावले. या बायकांची नावे मोठी आहेत आणि त्यांच्यावर लिहिलेही गेले आहे. माझा जीव मात्र त्या बिनराज्याच्या, बिनखजिन्याच्या भिक्षुणींत अडकतो.

जगात इतरत्र असे काही झाले का, हे शोधताना जर्मनीतल्या एसेन गावाच्या मठाची माहिती मिळाली. आपल्या दामिलानंतर सुमारे आठशे वर्षांनी तिथे माथिल्डे ही मठाधिपती होती. सम्राट ओटो पहिला याची ती नात, आणि १०११ साली ती वारली. तिने सोन्याच्या पत्र्याने मढवलेले, रत्नांनी जडवलेले क्रूस करवून घेतले. त्यांतल्या एकावर मिन्याच्या कामात तिचे आणि तिचा भाऊ ओटो याचे चित्र आहे. दोघे मिळून क्रूस धरून उभे आहेत. तिच्याच काळातली मेरीची ७४ सेंटिमीटर उंचीची सोनेरी मूर्ती आजही एसेनच्या चर्चमध्ये आहे. माणसाहून उंच असा सात फांद्यांचा एक काशाचा दीपवृक्षही तिने घडवून घेतला, आणि मठाधिपती माथिल्डेने हा करवून घेतला अशी नोंद त्याच्यावर कोरलेली आहे. तिच्यानंतर पाव शतकाने आलेल्या थिओफानू या मठाधिपतीने चर्चचे बांधकाम पुढे नेले. तिथल्या तळघराचा १०५१ साली अभिषेक झाला.

माथिल्डे राजकन्या. तिच्या मठातल्या स्त्रियांना स्वतःची मालमत्ता ठेवण्याची मुभा होती, गावे त्यांच्या ताब्यात होती, राजदरबारात त्यांचा शब्द चालत होता. तिचे काम डोळे दिपवणारे आहे आणि त्याला मान दिलाच पाहिजे. तरी दोघींना शेजारी ठेवले तर मला दामिला अधिक धाडसी वाटते. सोने दिसते तिथे लूट होते, म्हणून ते कडीकुलपात राहते. पाण्याची टाकी उघड्या डोंगरावर आहे, आणि हजार वर्षे तहानलेल्या कोणीही तिच्यातून ओंजळ भरून घेतली. पण एका बाबतीत दोघी सारख्या आहेत. वस्तू घडवून घेतली तर घडवून घेणारीचे नाव त्या वस्तूवर असले पाहिजे, हा आग्रह दोघींनीही धरला. धर्मात बायकांचा आवाज दबलेला होता त्या काळात, दोन टोकांच्या दोन मुलखांत, एकीने दगडावर आणि दुसरीने धातूवर नाव कोरवून तो आग्रह पुरा केला.

कान्हेरीचा पुढचा काळ मी थोडक्यात सांगते, कारण त्यात भिक्षुणी हळूहळू दिसेनाशा होतात. पाचव्या-सहाव्या शतकात मोठ्या बुद्धमूर्ती आल्या. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीतल्या दोन उभ्या मूर्ती त्या काळच्या. एकेचाळिसाव्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आला. आपल्या भिवंडी तालुक्यातली लोनाडची लेणी याच सुमाराची. नवव्या शतकात शिलाहारांच्या अमलात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, कान्हेरीला पुन्हा ठेवी मिळाल्या. त्यांतल्या एका लेखातली वाटणी अशी आहे, बुद्धपूजेला २० द्रम्म, विहाराच्या दुरुस्तीला ३, चीवरांना ५ आणि पुस्तकांना १. एक द्रम्म का होईना, पण पुस्तकांसाठी वेगळा काढून ठेवला होता, याचा मला आनंद वाटतो. नव्वदाव्या लेण्यात १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशी प्रवाशांनी पहलवी लिपीत नावे कोरली. त्यानंतर हळूहळू डोंगर रिकामा झाला. या उत्तरकाळातल्या लेखांत भिक्षुणी जवळजवळ नाहीतच. दान मोठे झाले, राजांच्या आणि अमात्यांच्या हातात गेले; गावातल्या उपाश्रयातून बहिणीचे पैसे गोळा करून डोंगरावर पोढी खोदवणारी बाई मागे पडली.

नावे मात्र गेली नाहीत, कारण दगडाने ती राखली आणि काही माणसांनी ती वाचली. १८६१ साली ई. डब्ल्यू. वेस्ट यांनी कान्हेरीच्या लेखांच्या नकला छापल्या. ब्यूलर यांनी त्यांचे वाचन पुढे नेले आणि १९१२ साली ल्यूडर्स यांच्या यादीत त्यांना क्रमांक मिळाले. या कामावर कळस चढवला तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. शोभना गोखले यांनी. त्या डोंगरात वर्षानुवर्षे हिंडल्या. दिवंगत थेरांच्या विटांच्या स्तूपांची रांग त्यांनी उजेडात आणली आणि १९९१ साली कान्हेरीच्या सगळ्या लेखांचा संग्रह प्रसिद्ध केला. दामिला आणि सापा आपल्यापर्यंत आल्या त्या या मराठी विदुषीच्या चिकाटीमुळे. आपल्या ग्रंथालयात हा ग्रंथ असावा म्हणून मंडळाने यंदा रक्कम राखून ठेवली आहे. पुस्तकांचा द्रम्म आपणही काढला, असे म्हणायला हरकत नाही.

भिक्षुणीसंघाचे पुढे काय झाले, हे सांगितल्याशिवाय हा इतिहास अपुरा राहील. भारतात तो नाहीसा झाला. श्रीलंकेतही अकराव्या शतकाच्या सुमारास त्याची परंपरा तुटली. पण तत्पूर्वी, पाचव्या शतकात, देवसारा आणि तिच्यासोबतच्या सिंहली भिक्षुणी समुद्रमार्गे चीनला गेल्या होत्या आणि तिथल्या स्त्रियांना त्यांनी विधिवत उपसंपदा दिली होती. ती परंपरा चीनमध्ये आणि पुढे तैवानमध्ये अखंड चालू राहिली. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपुरात आपल्याला धम्म दिला तेव्हा या देशात उपसंपदा देऊ शकेल असा भिक्षुणीसंघ उरला नव्हता. १९९८ च्या फेब्रुवारीत बोधगयेला तैवानच्या फो ग्वांग शान संस्थेच्या पुढाकाराने मोठा उपसंपदा समारंभ झाला आणि त्यात श्रीलंकेच्याही स्त्रियांनी चीवर घेतले. इथून गेलेली गोष्ट समुद्रावरून फिरून पुन्हा इथेच आली. आज महाराष्ट्रात भिक्षुणी वर्षावास करतात आणि गावोगावच्या उपासिका त्यांना भोजनदान देतात.

या पार्श्वभूमीवर आपल्या विहाराच्या कामाबद्दल एक गोष्ट इथे नोंदवते. देणग्यांची जमवाजमव बहुतांशी बायकांनीच केली; घरोघर फिरणे, भिशीतली रक्कम वळती करणे, पावती पुस्तके सांभाळणे हे त्यांच्याकडे होते. संगमरवरी फलकावर मात्र बऱ्याच ठिकाणी नाव पतीचे किंवा मुलाचे आहे. कुड्याच्या पदुमणिकेने आपले, आपल्या आईचे आणि आपल्या शिष्यांचे नाव दगडावर घातले होते. पहिल्या मजल्याच्या कामाचा फलक अजून लागायचा आहे. त्यावर दान देणारीचे स्वतःचे नाव, तिची इच्छा असेल तर आईच्या नावासह, कोरावे आणि काम करणाऱ्या गवंड्यांची नावेही खाली घ्यावीत, अशी लेखी सूचना मी कार्यकारिणीकडे दिली आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ती आहे. ज्या बहिणींना काही सुचवायचे असेल त्यांनी त्याआधी मंडळाच्या नोंदवहीत लिहून ठेवावे.